मस्कतवाल्याचा बांध

मस्कतवाल्याला खुर्ची दिली की तो उभाच राहायचा. लग्न असो नाहीतर दहावा, तो दिसला की पोरं पळत जाऊन प्लास्टिकची खुर्ची आणायची आणि हा गडी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा. "खाली सतरंजीवर जागा न्हाई का रं?" असं विचारायचा. जागा असायची. पण परदेशातून आलेल्या माणसाला सतरंजीवर कसं बसवायचं? आमच्या पवनानगरच्या अंगाला तशी रीत नाही.

मस्कतला तो क्रेन चालवायचा. मिसरूड फुटलेलं असताना गेला आणि डोकं पांढरं करून आला. बायको वारलेली, लेक पुण्यात नोकरीला. सगळे म्हणाले, लेकाकडे राहा. हा वाडीतलं बापाचं घर झाडून तिथंच राहिला. का आलास म्हणून कुणी विचारलं की खिशातून पासपोर्ट काढायचा. "जन्म काढला तरी तितं मी परकाच. ह्ये बग, हितं गावाचं नाव लिवलंय." कपाटात ठेवायची वस्तू, पण पिशवीत गुंडाळून शेतावरसुद्धा आणायचा.

वडापच्या जीपमध्ये तो मुद्दाम मागं चढायचा. जीपवाला पुढच्या माणसाला उठवायचा आणि म्हणायचा, "काका, तुमी पुडं या." एकदा तर तो खाली उतरला आणि भर उन्हात चालत घरी आला. आम्हाला वाटलं, जीप खटारा आहे म्हणून रुसला.

त्याच्या भातखाचराला लागून माझं खाचर. मी कसा आहे ते गाव जाणतं. वीतभर बांधापायी मी सख्ख्या भावाशी कोर्टात गेलोय आणि त्याची मला लाज नाही. ह्याच बांधावर मी आणि मस्कतवाल्याने पोरवयात एकमेकांची डोकी फोडली होती. पण तो परत आल्यापासून माझ्या तोंडी त्याच्यासाठी अहो-जाहोच येई. मोठा माणूस झालेला, मान द्यायला नको?

"मला अहो म्हनू नगं," तो म्हणायचा.

"बरं, न्हाई म्हनत तुमाला," मी म्हणायचो.

लावणीच्या आधी एका सकाळी बघतो, तर हा कुदळ घेऊन बांध कोरतोय. माझ्या बाजूची माती ओढून स्वतःच्या खाचरात लोटतोय आणि मधूनच माझ्याकडे तिरकं बघतोय. मी जवळ गेलो.

"काय करताय?"

"दिसत न्हाई? बांध कोरतोय. तुज्या अंगाचा."

"कोरा की. तुमच्यापरीस माती मोठी हाय व्हय?"

"आरं, एक शिवी तरी दे."

"तुमाला? शोभतं का त्ये?"

त्याने कुदळ टाकली आणि बांधावर बसला. म्हणाला, "तितं मी परका, ह्ये लोक तोंडावर सांगायचे. हितं कुनी सांगतच न्हाई." मग ओढलेली माती त्याने हाताने परत बांधाला लावली, नीट थापून. मी त्याला म्हटलं, "ऱ्हाऊ द्या, मी करतो." तेही मी बोलायला नको होतं.

भाताला लोंब्या यायच्या आत तो लोणावळ्याला फ्लॅट घेऊन गेला. मी म्हणायचो, शहराची सवय, गावात कसा टिकणार. पुढे दिवाळीनंतर माझ्या पुतण्याने माझा दुसरा बांध कोरला. मी त्याला सकाळभर शिव्या घातल्या, त्यानेही माझा बाप काढला आणि संध्याकाळी त्याचीच बायको माझ्यासाठी कालवण घेऊन आली. ते कालवण खाताना मला मस्कतवाल्याचं "एक शिवी तरी दे" आठवलं.

दुसऱ्या दिवशी एसटीने लोणावळा गाठलं. फ्लॅटचं दार उघडताच मी तोंड सोडलं. "भाडखाऊ, माजा बांध कोरून हितं लपून बसलास व्हय रं?"

तो दार धरून उभा राहिला. हसला, हसता हसता डोळे पुसले.

"उशीर केलास, लेका," तो म्हणाला. "गेल्याच आठवड्यात सही केली. धरनाकाठी पर्यटकांना तंबू भाड्यानं देतो, त्या तंबूवाल्यानं घेतलं खाचर."

मी आत गेलो नाही, त्यानेही बस म्हटलं नाही. तिथंच उंबऱ्यावर आम्ही पोटभर भांडलो. कुणाचा बाप लबाड, कुणी किती माती खाल्ली, सगळं निघालं. शेजारचे दार उघडून बघायला लागले. भांडण सगळं बांधावरून, आणि तो बांध आता त्याचा राहिला नव्हता.