कासलबारला मिळून आली

नोकरीत अनेक बेपत्ता माणसं शोधली, पण मनातून जात नाही ती निवृत्तीनंतरची ही केस.

पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी डब्लिनला, सँट्रीत मुलीकडे राहायला आलो. वरच्या मजल्यावर नागपूरचा एक सॉफ्टवेअर इंजिनिअर राहत होता. त्याची धाकटी बहीण डब्लिनमध्ये मास्टर्स करत होती आणि एका सत्रासाठी फ्रान्सला गेली होती. तिथे विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं. मुलांनी बाकं रचून विद्यापीठाची दारं अडवली. मग एका मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि तेव्हापासून तिचा फोन बंद. भावाने इथल्या पोलिसांकडे, म्हणजे गार्डांकडे, तक्रार दिली होती. नागपूरहून आईचा फोन आला की तो उचलायलाही धजत नसे.

खबर अचानक मिळाली. मराठी मंडळातल्या एका बाईंनी तिला डब्लिन विमानतळाबाहेर बसमध्ये चढताना पाहिलं होतं. हाक मारली, तर तिने तोंड फिरवलं. म्हणजे मुलगी आयर्लंडमध्ये होती आणि स्वतःहून लपली होती.

मी भावाला तिच्या डब्लिनमधल्या रूममेटला बोलावून घ्यायला सांगितलं. पुण्याची मुलगी होती.

"काका, मला खरंच काही माहीत नाही. ती ग्रँड असेल, बघा." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत मजेत, ठीक.

चौकशीत माणूस काय विचारत नाही, याकडे मी लक्ष ठेवतो. मैत्रीण बेपत्ता होती आणि हिने 'काही कळलं का' एवढंही विचारलं नव्हतं. भावाला मी दूध आणायला पिटाळलं. मग आवाज न चढवता विचारलं, "जेवण जातंय का तिला?"

"थोडं थोडं," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

या रूममेटची मावसबहीण आयर्लंडच्या पश्चिमेला, कासलबार गावात नर्स होती. बेपत्ता मुलगी तिच्याकडे होती. गार्डांना कळवून आम्ही निघालो. भावाला दारात पाहताच ती भिंतीला टेकली. "दादा, घरी नको ना सांगूस."

"जिवंत आहेस एवढंही नको सांगू?" तो ओरडला.

मी त्याला बसवलं आणि तिला म्हटलं, "पहिल्यापासून सांग."

"आम्ही दोघी हात धरून पळत होतो. ती पडली. मी हात सोडला, काका. ती माझं नाव घेऊन ओरडत होती आणि मी वळलेसुद्धा नाही."

ती म्हणजे वर्गातली फ्रेंच मैत्रीण. हिला तिनेच आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. ती जगली की गेली, हे कळू नये म्हणून हिने फोन बंद केला होता.

'तुझी चूक नाही' म्हणणं सोपं होतं. तिने ते ऐकलं नसतं. मी म्हटलं, "तिच्या आईचा नंबर आहे ना? लाव. मी इथेच बसतो."

फ्रेंच मला कळत नाही. पलीकडे एक बाई बोलू लागली, मग तिला रडू फुटलं. मुलगी फोन कानाला धरून जमिनीवर बसली. फोन ठेवून तिने सांगितलं. मैत्रीण वाचली होती. मणक्याचं ऑपरेशन झालं होतं, पण पायांत जाणीव नव्हती. शुद्धीवर आल्यापासून ती एकच विचारत होती, माझी इंडियन मैत्रीण बाहेर पडली ना?

त्याच आठवड्यात ती भावाला घेऊन फ्रान्सला गेली आणि तिथेच राहून सत्र पूर्ण केलं. मैत्रीण अजून व्हीलचेअरवर आहे. दोघींचं त्या दिवसाबद्दल काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही.

बेपत्ता माणूस कोणाच्या तरी धाकाने लपलाय, असं आम्ही पोलीस धरून चालतो. ही मुलगी एका उत्तराला भ्यायली होती. अशा माणसाला नुसतं शोधून काढून भागत नाही. ते उत्तर कानावर पडेपर्यंत कोणीतरी शेजारी बसावं लागतं.