हात सारखे चालले तर

आमच्या गावातल्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी माझ्या शिकवणीतल्या एका मुलीला फसवलं. तिच्याशी सौदा केला आणि तो पाळला नाही.

आष्टीच्या बाजारात आईशेजारी बसून मी भाजी विकली आणि त्यावर गणितात पदवी घेतली. आता घरापुढच्या पत्र्याच्या खोलीत हायस्कूलच्या पोरांची शिकवणी घेते. तिथंही बाजाराचाच कायदा चालतो. गणितातला शब्द फुकट मिळत नाही. कुणी व्याख्या पाठ म्हणून दाखवली की मी म्हणते, "हा पुस्तकाचा माल झाला. तुझा दाखव." मग त्यानं घरातलं, रानातलं उदाहरण काढायचं, मी ते पाडायला बघायचं, आणि टिकलं तरच तो शब्द फळ्यावर त्याच्या हातानं लिहायचा. पोरं रडकुंडीला येतात. पण माझ्याकडचं पोर 'गुणोत्तर' म्हणतं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं काहीतरी असतं, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

त्या दिवशी शब्द होता 'व्यस्त चलन'. पोरांना वाटतं, एक वाढलं आणि दुसरं घटलं की झालं व्यस्त.

"मॅडम, मोबाइल जितका जास्त बघावा तितकी चार्जिंग कमी," एक जण म्हणाला.

"तासभर बघितला तर किती उरते?"

"नव्वद."

"मग दोन तासांनी पंचेचाळीस उरते का?"

"न्हाई... ऐंशी."

"उचल तुझा माल."

वर्ग हसला. मग नववीतली ती मुलगी उठली. सुट्टीत घरचा कापूस वेचून तिची बोटं खरचटली होती.

"कापूस वेचायच्या बाया, मॅडम. दुप्पट लावल्या तर निम्म्या दिवसांत रान उरकतं. तिप्पट लावल्या तर तिसऱ्या हिश्शात."

"आणि बाया वाढल्या म्हणून गप्पा मारत बसल्या तर?"

तिनं खरचटलेल्या बोटांकडं बघितलं. मला वाटलं, हेही पडलं.

"मंग ते व्यस्त न्हाई राह्यलं," ती सावकाश म्हणाली. "सगळ्यांचे हात सारखे चालले तरच हे बराबर. ते आधीच बोलून घ्यायचं."

मी खडू तिच्या हातात दिला. पुस्तकातली अट विचारल्यावरसुद्धा पोरांना आठवत नाही. हिनं ती रानातून शोधून आणली होती. त्या दिवशी जेवताना मी उगाच हसत होते.

हेच तिनं शाळेत सांगितलं, आणि तालुक्याच्या गणित-विज्ञान प्रदर्शनासाठी तिची निवड झाली. मी मुद्दाम बघायला गेले. तक्त्यापुढं उभा होता संस्थेच्या एका संचालकांचा नातू, टाय लावून. तेच रान, त्याच बाया, पण सगळं इंग्रजीत. हात सारखे चालण्याची अट तेवढी गाळलेली. म्हणजे उदाहरणच खोटं झालेलं. त्याला पहिलं बक्षीस मिळालं.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरले. मुलगीही मागोमाग आली.

"ताई, चिडू नका," ते म्हणाले. "अधिकारी येतात, सेमी-इंग्रजीचं पोरगं बरं दिसतं. आणि उदाहरण काय कुणाच्या मालकीचं असतं?"

"त्या पोरानं जन्मात एक बोंड तरी वेचलं आहे का?" मी टेबलावर हात आपटला. शिपाई दारातून डोकावला.

मुलीनं माझा पदर ओढला. "मॅडम, तुम्ही थांबा जरा. मी बोलते." मग त्यांना म्हणाली, "सर, बक्षीस राहू द्या त्याला. मला एका शनिवारी परिपाठाला सांगू द्या. सगळ्या शाळेपुढं, आपल्या बोलीत, अटीसकट."

"एवढंच ना? दिला शनिवार."

"नक्की, सर?"

"बिलकुल नक्की."

माझं अर्धं आयुष्य घासाघिशीत गेलं, पण इतका स्वच्छ सौदा मला कधी जमला नाही. मी त्यांच्याकडून बक्षीस परत मागितलं असतं आणि हात हलवत घरी आले असते. तिला काय हवं ते तिला ठाऊक होतं, आणि तेवढंच तिनं मागितलं.

मग एका शनिवारी सराव परीक्षा निघाली. एका शनिवारी पाहुणे आले. कधी माइक बिघडला. असं करत तिची दहावी झाली आणि शाळा सुटली. आता ती एसटीनं परतूरला कॉलेजला जाते, आणि संध्याकाळी माझ्या आठवीच्या पोरांची उदाहरणं पाडते. माझ्याहून कडक आहे. परवा एकाला तीन वेळा माघारी पाठवलं तिनं. त्या शनिवाराचा विषय ती काढत नाही.

मी काढते. गेल्या आठवड्यात मुख्याध्यापक रस्त्यात भेटले तेव्हाही काढला. म्हणाले, "ती आता आपली विद्यार्थिनी कुठं राहिली?"

सर, ती तुमची विद्यार्थिनी होती तेव्हा तुम्ही शब्द दिलात. तो तक्ता अजून तुमच्या खोलीबाहेर टांगलेला आहे, अटीवाचून, आणि नवी पोरं तो खरा मानून वाचतात. पोरगी गावातच आहे. शाळा शनिवारी भरते. माइक नसला तरी चालेल, तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो. कोणता शनिवार, तेवढं सांगा.