टोपड्याखालचं नाव
डिसेंबर २००६, शनिवार दुपार, शहापूरच्या एसटी स्टँडजवळचा सायबर कॅफे. हजर: मी, माझी शेजारीण आणि किन्हवलीहून आलेल्या मावशी. मावशींनी स्वतः बसवलेला बाळटोपड्याचा नमुना मी त्यांच्या तोंडून टाकान् टाका उतरवून घेतला होता आणि शेजारणीने तो विणकाम करणाऱ्यांच्या एका वेबसाइटवर टाकला होता. खाली देशोदेशीच्या बायकांनी कौतुक लिहिलं होतं. मावशींना फक्त स्वतःचं नाव वाचता यायचं, म्हणून ते मराठीतच घाल, असं मी शेजारणीला बजावलं होतं. लोकरीचे तंतू चिकटलेलं बोट मावशी पडद्यावरून फिरवत राहिल्या. "माझा नाव कुठं हाय गो?" तिथे शेजारणीचं नाव होतं. ती हसली. "मावशी, तिकडच्या बायका कुठे ओळखतात तुम्हाला? नाव कुणाचं का असेना!" "मंग माझाच ठेवायचा व्हता," मावशी म्हणाल्या आणि उठून गेल्या. माझी कानशिलं तापली, तरी शेजारधर्म म्हणून मी गप्प बसले. तो राग आज शेजारणीपेक्षा माझ्यावर जास्त आहे. वेबसाइट चालू आहे, नमुना तिथेच आहे. चूक कळवायला चार ओळी पुरतील. दरवर्षी नव्या वहीत करायच्या कामांची यादी करताना ते काम पहिलं उतरवते. त्या चार ओळी अजून लिहिलेल्या नाहीत.