नेरच्या सडकेवरचे निंब

यवतमाळहून नेरकडे जाणाऱ्या सडकेची लोक आज तारीफ करतात. दोन्ही बाजूंनी निंब, वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. कोणी म्हणतं इंग्रजांनी लावले, कोणी म्हणतं अमुक साहेबाने. ऐकलं की माझं डोकं सरकतं. त्यातल्या दोन मैलांचे निंब माझ्या मायने जगवले आहेत.

बाबा त्या सडकेवर मैलकुली होते. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पुढे, शहर संपायचं तिथून त्यांचे दोन मैल लागायचे. डांबर नव्हतं, गिट्टी, मुरूम आणि कापसाच्या बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. खड्डे बुजवायचे, गवत काढायचं, बांधकाम खात्याने लावलेली निंबाची रोपं जगवायची. कागदावर काम एकट्या बाबांचं. पाणी घालायला मात्र माय आणि मी.

पाणी सडकेलगतच्या शेतातल्या विहिरीचं. मालक शहरातला बडा माणूस. त्याने खात्याला होकार दिला होता, पण आम्ही विहिरीला शिवायचं नव्हतं. त्याचा गडी पाणी काढायचा आणि वरून आमच्या घागरीत ओतायचा. पाणी झाडाच्या बुडाशी जाणार, तरी दोराला आमचा हात नको.

छप्पनच्या दसऱ्याला आमच्या वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली. बाबाही गेले होते. आल्यावर कामाच्या पहिल्याच सकाळी त्यांनी स्वतः विहिरीत बादली सोडली. गडी मालकाला सांगायला शहराकडे पळाला. दुपारी मालक आला. तो ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "धरम बदलला म्हणून विहीर नाही बदलत." संध्याकाळपर्यंत विहिरीभोवती बाभळीचे काटे पडले होते.

बाबांनी कामावर देखरेख करणाऱ्या ओव्हरसियरला सांगितलं. त्याने हात झटकले. पाणी कुठूनही आणा, रोपं वाळली तर तुमची खैर नाही, एवढंच तो म्हणाला.

मग नाला. मैलभर लांब. उन्हाळ्यात तोही आटायचा, तेव्हा माय रेतीत झिरा खोदायची आणि वाटीवाटीने घागर भरायची. चुंबळीखालचे तिच्या टाळूवरचे केस गेले ते परत आलेच नाहीत. ही गोष्ट मी सांगते तेव्हा ऐकणारे म्हणतात, केवढी माया होती झाडांवर. माया कसली? रोपं वाळली असती तर बाबांची नोकरी गेली असती. तीन उन्हाळे तिने भीतीपोटी पाणी वाहिलं.

महाराष्ट्र झाल्यावर काही वर्षांनी त्या सडकेवर डांबर पडलं, राज्यमार्गाचा दगड बसला. निंब तोवर डोक्यावर सावली धरू लागले होते. उद्घाटनासाठी त्यांच्याखाली मांडव घातला, मोठे साहेब आले. धूळ बसावी म्हणून मायला सकाळीच पाणी शिंपायला बोलावलं होतं. काम संपल्यावर आम्ही दोघी मागे उभ्या राहिलो. भाषणात साहेबांनी विहीर-मालकाला पुढे बोलावलं, हार घातला आणि सांगितलं की यांच्या विहिरीच्या पाण्यावर ही झाडं उभी राहिली.

माय चालू लागली. मी तिचा पदर धरला, तो तिने सोडवून घेतला. ती थेट मांडवापुढे गेली.

"सायेब, ह्या झाडायले पानी म्या घातलं," ती म्हणाली. "नाल्याचं. यायच्या विहिरीवर काटे काहून टाकले होते, ते यायलेच इचारा."

मालक हसला. साहेबांनी कुणालातरी खूण केली. ओव्हरसियर तिला दंडाला धरून बाजूला घेऊन आला. भाषण पुढे चालू झालं आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या. इतक्या माणसांत एकानेही मालकाला काही विचारलं नाही. त्या टाळ्यांचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

महिना संपायच्या आत बाबांची बदली घाटंजीच्या सडकेवर झाली. सामान बांधताना बाबा मायला एवढंच म्हणाले, "बोललीस ते बरं केलंस."

घाटंजीकडेही नवी रोपं होती. मायने घागर उचलली नाही. ती मजुरीने निंदणाला जायला लागली आणि पाण्यापायी सुटलेल्या शाळेत मला परत घातलं. बाबा एकटेच जमेल तेवढं पाणी वाहायचे. त्या उन्हाळ्यात निम्मी रोपं वाळली. खात्याने लेखी जाब विचारला. बाबांनी उत्तर माझ्याकडून लिहवून घेतलं: पाणी घालणारी बाई खात्याच्या नोकरीत नाही.

नोकरी गेली नाही, ताकीद मिळाली. वाळलेल्या रोपांचं मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.