पदरातली खाजकुइली

येळवशीला, म्हणजे शेतपूजेच्या वेळ अमावास्येला, आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन शेतात जायचा मान त्या वर्षी मला मिळणार होता. नळदुर्गाजवळच्या सासरी मी नवी सून. निजामाच्या तहसिलात पेशकार असलेले चुलत सासरे खास मला बघायला सहकुटुंब आले होते.

भज्जीच्या मिसळभाजीला वालाच्या शेंगा कमी पडल्या. सासूबाई म्हणाल्या, "परसात कुपावर असतील. वळखता येत्यात न्हवं?"

"येतात की," मी म्हणाले. माहेरी धाराशिवात शेंगा बाजारातनं टोपलीत यायच्या, वेल कुणी बघितला होता?

कुंपणाच्या टोकाला एक वेल लगडला होता. वाकड्या शेंगा, अंगावर भुरकट मखमल. मला वाटलं, गावरान वाल थंडीत असाच लोकर पांघरत असेल. माझेही हात गारठले होते, म्हणून पदर हाताला गुंडाळून शेंगा तोडल्या. टोपली चुलीजवळ ठेवते न ठेवते तोच नमस्काराला हाक आली.

आमच्याकडं सून नुसत्या हातानं पाया पडत नाही. पदराचं टोक दोन्ही हातांत धरून पावलांना लावते. मी सगळ्यांच्या लावलं, अगदी मन लावून.

पेशकारांनी एक पाय दुसऱ्यावर घासला. मग दोन्ही हातांनी खाजवू लागले, तशी तुर्की टोपी घरंगळली. चुलत सासूबाईंनी जोडवी उपसली. इकडं पदर टेकलेली माझी मान पेटली.

सासूबाईंची नजर टोपलीवर गेली. "कुणी चोळू नका. खाजकुइली हाय ती."

कणकेचे गोळे आले. पावलांवर हलके दाबून उचलले, की बारीक कुसळं चिकटून निघत. शेंगा चिमट्यानं उचलून खड्ड्यात पुरल्या. माझं लुगडं काठीच्या टोकावर परसात गेलं.

"सूनबाई," पाय पुढं करून बसलेले पेशकार म्हणाले, "नमस्कार मात्र अगदी दिलसे केलात."

 

मडकं सासूबाईंनीच डोक्यावर घेतलं. मी त्यांचंच जुनं लुगडं नेसून, भाकरीचं गाठोडं घेऊन मागनं. शेतात शेजारचे आजोबा जेवायला आले. मी वाकले. बातमी आधीच पोचली होती; त्यांनी दोन्ही पाय धोतरात ओढून घेतले.

"लांबनंच राहू दे, माय," ते म्हणाले.