ह्यांचा ठिपका अकोल्यात थांबला

लिहावंच लागतंय, कारण आज दुपारी हे घरातून निघून गेले. ह्यांना विसरण्याचा आजार आहे.

नवा स्मार्टफोन मी फक्त बोलण्यापुरता वापरत होते. मुलीने त्यात आम्हा दोघांचं लोकेशन जोडून ठेवलं होतं. अमरावतीतल्या गल्ल्या पालथ्या घालून झाल्यावर तिला फोन केला. ती म्हणाली, "आई, रडू नको. नकाशा उघड."

ह्यांचा ठिपका बडनेऱ्याच्या पुढे पळत होता. मिळेल त्या गाडीने मी मागे निघाले. मूर्तिजापूरजवळ रेंज गेली. तेवढा वेळ कसा काढला, सांगता येत नाही. रेंज आली तेव्हा ठिपका अकोल्यात, माझ्या माहेरच्या दारात थांबला होता.

हे ओट्यावर बसून माझ्या वहिनीला सांगत होते, "तिले न्याले आलो. लवकर पाठवा, बस सुटून जाईन."

मी समोर उभी राहिले. मला म्हणाले, "बाई, तिले जरा आवाज द्या न."

घरी असं माणूस असेल तर लोकेशन आजच जोडा. पुढे काय करायचं, हे कुणाला ठाऊक असेल तर मला सांगा. मला सुचत नाही.

वहिनीकडून मिळाले: यजमान, त्यांचा मोबाईल, आणि निघताना तिने भरलेली माझी ओटी.