वन्संची हजेरी

माझ्या धाकट्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं, विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'कात्री' म्हणत. घरात आम्ही तोंडावर म्हणत नव्हतो, इतकाच फरक.

विद्यापीठाचे नियम तपासणाऱ्या समितीत त्या होत्या. एका वर्षी अध्यक्षांनी नवा नियम मांडला. तासांना हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसायचं नाही, आणि आजारपण असो की आणखी काही, कारण ऐकून घ्यायचं नाही.

वन्सं म्हणाल्या, "आधी वर्षभर आपल्यालाच लावून बघू. ज्याची बैठकांना हजेरी कमी, त्याने शेवटी मत द्यायचं नाही."

अध्यक्ष पोट धरून हसले. "लावा, लावा! मी कधी बैठक चुकवलीय?"

हसत हसत ठराव झाला.

पुढे वन्संची एक विद्यार्थिनी टायफॉइडने अंथरुणाला खिळली. शेवटचं वर्ष होतं. नियम पास झाला तर तो त्याच परीक्षेला लागू होणार, म्हणजे पोरीचं वर्ष बुडणारच होतं. इकडे आमच्या ह्यांचं शेवटचं दुखणं सुरू झालं. मी वन्संना सांगायची, "तुम्ही बैठकीला जा, मी आहे ना इथे." त्यावर उत्तर ठरलेलं, "तुम्ही आहात म्हणूनच थांबते. काल झोपेची गोळी सकाळी दिलीत माझ्या भावाला." आणि भावाच्या उशाशी बसून राहायच्या.

हे गेले. त्यानंतर मतदानाची बैठक आली, तेव्हा अध्यक्षांचीच हजेरी कमी निघाली.

"अहो, पित्ताशय काढलं माझं! टाके दाखवू का?"

"टाके झाका साहेब," वन्सं म्हणाल्या. "कारण ऐकायचं नाही, असं तुम्हीच लिहिलंय."

तेवढ्यात कारकून चाचरत म्हणाला, "मॅडम, तुमचीही कमीच आहे."

अध्यक्षांचा चेहरा असा खुलला की जणू पित्ताशय परत मिळालं असावं. दोघांची रवानगी बाहेरच्या बाकावर झाली.

"अन्याय आहे हो हा," अध्यक्ष कुरकुरले. "मी काय मजा मारायला गेलो होतो?"

"ती पोरगी तरी कुठे गेली होती?"

अध्यक्ष टाक्यांवरचा शर्ट सारखा करत बसले. वन्सं मला नंतर म्हणाल्या, "वहिनी, मी वरून ताठ बसले होते, पण आत काय ठरेल याची मला धास्तीच होती."

कारण आत तिघेच उरले होते. दोघं आयुष्यभर 'साहेब म्हणतील तसं' म्हणत आलेले, आणि साहेब तर बाहेर. तिसरे गणिताचे प्राध्यापक. त्यांना सगळे 'घोरकर' म्हणत. एकही बैठक त्यांनी चुकवली नव्हती, कारण घरी नातवंडं झोपू देत नसत. त्यांना हलवून मत विचारलं.

"आजाऱ्याला कसली शिक्षा करताय? जुनाच नियम राहू द्या," एवढं बोलून त्यांनी पुन्हा डोळे मिटले. उरलेल्या दोघांनी लगेच माना डोलावल्या.

पोरगी परीक्षेला बसली आणि वन्संच्याच पेपरात नापास झाली.

मी म्हटलं, "वन्सं, एवढं केलंत, चार मार्क द्यायला काय झालं होतं?"

"परीक्षेला बसवणं माझं काम होतं. दगड ओळखणं तिचं. संगमरवराला वाळूचा दगड म्हणते टवळी!"

पुरवणी परीक्षा व्हायची होती. तोवर रोज संध्याकाळी वन्संनी तिला घरी बोलावून शिकवलं. शिकवणं म्हणजे झाडणंच. मग पोरगी स्वयंपाकघरात येऊन रडायची, आणि तिचे डोळे पुसून परत पाठवायचं काम माझ्याकडे असायचं.